घटक ४ : राजकीय व्यंगचित्राचे वाचन – सत्ता, युद्ध आणि लक्ष्य

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस –
• हास्यचित्र, अर्कचित्र व राजकीय व्यंगचित्र यांतील फरक सांगता येईल;
• व्यंगचित्राच्या भाषेचे घटक ओळखता येतील;
• सत्ता व युद्ध यांवर भाष्य करणाऱ्या व्यंगचित्रांचे विवेचन करता येईल;
• व्यंगचित्राचे लक्ष्य कोण आहे, हे तपासून त्याचे मूल्यमापन करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कर्जत तालुक्यातील कडाव हे गाव बालदिगंबर गणेशाच्या मंदिरामुळे सर्वपरिचित आहे. समजा, आपण याच गावात राहता. सकाळी कामावर निघण्यापूर्वी चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र हाती येते. अग्रलेख वाचण्याइतका वेळ नसतो. पण पहिल्या पानावरील व्यंगचित्राकडे लक्ष जाते, आपण हसतो आणि पत्र शेजाऱ्याच्या हाती देतो. तोही हसतो. दोघांनी एकाच चित्राला हसावे, पण दोघेही एकाच गोष्टीला हसले असतील काय? व्यंगचित्राचा अभ्यास या प्रश्नापासून सुरू होतो.

सत्तेची टर उडवण्याची रीत आपल्याकडे व्यंगचित्राच्या आधीपासून आहे. तमाशाच्या वगात राजा सिंहासनावर असतो. परंतु टाळ्या मिळतात त्या त्याला उलट उत्तर देणाऱ्या सोंगाड्याला. शिमग्याच्या सोंगांतही एरवी न बोलता येणारे बोलून घेतले जाते. छापखान्याबरोबर आलेले व्यंगचित्र या जुन्या रीतीला परके वाटले नाही. ब्रिटिश नियतकालिक ‘पंच’ १८४१ साली लंडनमध्ये सुरू झाले आणि पुढे ठाण्याहून निघणाऱ्या मराठी पत्रानेही ‘हिंदू पंच’ हे नाव घेतले.

४.३ व्यंगचित्राची भाषा

हास्यचित्र माणसाच्या स्वभावातील व व्यवहारातील विसंगती दाखवून निर्मळ हसू निर्माण करते. शि. द. फडणीस यांची शब्दविरहित चित्रे हे याचे मराठीतील उत्तम उदाहरण होय. अर्कचित्र एखाद्या व्यक्तीच्या चेहऱ्याची वा देहाची वैशिष्ट्ये वाढवून दाखवते. राजकीय व्यंगचित्र ही दोन्ही साधने वापरते. परंतु त्याचा हेतू सार्वजनिक प्रश्नावर मत मांडण्याचा असतो. म्हणून ते चित्रातून मांडलेला युक्तिवाद ठरते.

या युक्तिवादाचे पाच घटक लक्षात ठेवावेत : (१) अतिशयोक्ती, (२) प्रतीक, (३) विसंगती, (४) मथळा वा संवाद आणि (५) चित्रात न काढलेला भाग. पहिले चार घटक काव्याच्या अभ्यासातून आपल्या परिचयाचे आहेत. अतिशयोक्ती व व्याजस्तुती हे अलंकार व्यंगचित्रकारही वापरतो. पाचवा घटक मात्र शोधून काढावा लागतो. चित्रकाराने कोणाला चौकटीबाहेर ठेवले, हे विचारल्याशिवाय व्यंगचित्राचे वाचन पूर्ण होत नाही.

४.४ सत्तेवरील भाष्य

आर. के. लक्ष्मण यांचा ‘सामान्य माणूस’ आठवा. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि चेहऱ्यावर कायमचा अचंबा. मंत्री भाषण करतो, अधिकारी खुलासा देतो आणि हा माणूस एक शब्दही बोलत नाही. ज्याच्या नावाने राज्य चालते त्यालाच बोलण्याची जागा नाही, ही विसंगती लक्ष्मण यांनी या मौनातून अनेक दशके मांडली.

दुसरे उदाहरण आणीबाणीच्या काळातील आहे. १० डिसेंबर १९७५ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अबू अब्राहम यांचे व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. राष्ट्रपती स्नानाच्या टबात बसले आहेत. अर्धवट उघड्या दारातून त्यांनी सही केलेला कागद बाहेर दिला आहे आणि आणखी अध्यादेश असतील तर थोडे थांबायला सांगा, असे ते म्हणत आहेत. येथे कोणावरही आरोपाचा एक शब्द नाही. सही करणाऱ्याला अंग पुसण्याइतकीही उसंत नाही, एवढेच दाखवले आहे. विचार न करता होणारी सही म्हणजे काय, हे त्यातून वाचकास कळते. वृत्तपत्रांवर नियंत्रण असताना लेखातून जे उघडपणे मांडणे कठीण होते, ते या चित्राने सांगितले. सही करून घेणारे मात्र चित्रात नाहीत; ते दाराबाहेर आहेत. पाचवा घटक येथे प्रत्यक्ष काम करताना दिसतो.

४.५ युद्धावरील भाष्य

युद्धकाळात सरकारला एकमुखी पाठिंबा हवा असतो. त्यामुळे व्यंगचित्रकाराची खरी कसोटी याच काळात लागते. डेव्हिड लो हा न्यूझीलंडमध्ये जन्मलेला व लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये चित्रे काढणारा चित्रकार या संदर्भात महत्त्वाचा आहे. २० सप्टेंबर १९३९ च्या त्याच्या चित्रात हिटलर व स्टालिन एकमेकांना अदबीने लवून अभिवादन करतात. तोंडी जुन्या शिव्या आहेत आणि दोघांच्या मधे पोलंडचा मृतदेह पडला आहे. शिष्टाचार आणि प्रेत यांना एका चौकटीत आणून लोने त्या दोन राजवटींमधील कराराचा अर्थ उघड केला.

जून १९४० मध्ये, फ्रान्सचा पाडाव होत असताना, त्याचे दुसरे गाजलेले चित्र आले. खवळलेल्या समुद्राकाठच्या खडकावर एकटा ब्रिटिश सैनिक आकाशातील विमानांकडे मूठ उगारून उभा आहे. आता एकट्यानेच लढू, असा त्याचा आशय. चित्र प्रभावी आहे, यात शंका नाही. परंतु ते आपण कडावहून पाहू या.

ब्रिटन खरोखर एकटे होते काय? ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय प्रतिनिधींना न विचारता भारत युद्धात सामील झाल्याचे घोषित केले होते. युद्ध संपेपर्यंत भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली. खडकावरील त्या सैनिकाच्या मागे हे सारे उभे होते. मात्र चित्रात त्यांना जागा नव्हती.

याच युद्धाच्या काळात कर्जतच्या परिसरात दुसरे चित्र घडत होते. खोपोली व भिवपुरी येथील जलविद्युत केंद्रांतून मुंबईला वीज जाई. १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल व मानिवलीचे हिराजी पाटील यांना वीरमरण आले. लंडनच्या चित्रात जे सरकार एकाकी आणि धैर्यशील होते, तेच सरकार येथे बंदूक घेऊन उभे होते. लो खोटे बोलत होता, असा याचा अर्थ नव्हे. नाझी राजवटीवरील त्याची टीका रास्त होती. पण प्रत्येक चित्र कोठून तरी काढलेले असते, आणि वाचकही कोठून तरी पाहत असतो. या दोन जागांमधील अंतर ओळखणे म्हणजेच चिकित्सक वाचन होय.

४.६ लक्ष्य बदलते तेव्हा : ‘मार्मिक’चे उदाहरण

लोच्या शैलीचा प्रभाव मान्य करणारे मराठी व्यंगचित्रकार म्हणजे बाळ ठाकरे. ‘फ्री प्रेस जर्नल’मधील नोकरी सोडल्यानंतर त्यांनी बंधू श्रीकांत यांच्यासह ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक काढले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर साडेतीन महिन्यांतच, १३ ऑगस्ट १९६० रोजी, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते त्याचा पहिला अंक प्रकाशित झाला. सरकारची रेवडी उडवू पाहणाऱ्या पत्राचे प्रकाशन सरकारच्या प्रमुखाने करावे, ही घटना त्या काळच्या सार्वजनिक जीवनाविषयी बरेच सांगून जाते. ठाकरे यांची रेषा ठसठशीत होती आणि राज्यकर्त्यांच्या चेहऱ्यातील नेमके वैशिष्ट्य पकडण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे.

पुढे ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरात मुंबईतील कंपन्या व कार्यालयांमधील अमराठी, विशेषतः दक्षिणी, अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या येऊ लागल्या. मराठी तरुणांच्या नोकऱ्यांचा प्रश्न खरा होता. परंतु त्या काळच्या प्रचारात लुंगी ही एका संपूर्ण समाजाची खूण बनली आणि रोष धोरण आखणाऱ्यांऐवजी शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या माणसाकडे वळला. १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली, तिची पार्श्वभूमी या लेखनाने तयार केली.

साहित्याचे अभ्यासक म्हणून आपण येथे थांबून विचार करावा. मंत्र्याचे नाक लांब काढले तर तो उत्तर देऊ शकतो. त्याच्याकडे सभागृह आहे, वृत्तपत्रे आहेत, पोलीस आहेत. पोटासाठी आलेल्या कारकुनाकडे यांपैकी काहीच नसते. अतिशयोक्ती तीच, प्रतीकाची युक्तीही तीच. मात्र लक्ष्य बदलताच उपहासाचे नैतिक मूल्य बदलते. चित्र किती हसवते याइतकेच ते कोणाला हसवते आणि कोणावर हसवते, हे महत्त्वाचे आहे.

४.७ व्यंगचित्र आणि कायदा

सप्टेंबर २०१२ मध्ये असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकारास भ्रष्टाचारावरील चित्रांबद्दल मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. या प्रकरणातून उद्‌भवलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये निर्णय दिला. हिंसेस वा सार्वजनिक अव्यवस्थेस चिथावणी नसेल, तर सरकारवरील टीका, ती कितीही कडवट असली तरी, राजद्रोह ठरत नाही, हे त्यातून पुन्हा स्पष्ट झाले. सरकार म्हणजे राष्ट्र नव्हे, हा भेद व्यंगचित्राच्या वाचकानेही मनाशी पक्का करावा.

४.८ सारांश

राजकीय व्यंगचित्र हा चित्ररूप युक्तिवाद आहे. अतिशयोक्ती, प्रतीक, विसंगती, मथळा आणि चौकटीबाहेर ठेवलेला भाग यांच्या आधारे तो वाचावा लागतो. सत्तेला प्रश्न विचारणे हे त्याचे मुख्य कार्य होय. युद्धकाळात ते अधिक कठीण व अधिक आवश्यक बनते. हेच साधन दुर्बलांकडे रोखले जाऊ शकते. म्हणून हसल्यानंतर एकदा लक्ष्य तपासणे, ही वाचकाची जबाबदारी आहे.

४.९ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. हास्यचित्र व राजकीय व्यंगचित्र यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. अबू अब्राहम यांच्या चित्रात ‘न काढलेला भाग’ कोणता? त्याचे कार्य सांगा.
३. ‘लक्ष्य बदलताच उपहासाचे नैतिक मूल्य बदलते.’ ‘मार्मिक’च्या संदर्भात चर्चा करा.

४.१० उपक्रम

जानेवारी १९४३ मध्ये आपण कर्जतमध्ये व्यंगचित्रकार आहात, अशी कल्पना करा. विजेचा पाडलेला मनोरा, त्यावर पहारा देणारा गरीब शिपाई आणि दूर मुंबईत बसलेला अधिकारी एवढेच आपल्या चित्रात आहेत. हसू कोणावर येईल, हे आधी ठरवा आणि चित्राचे वर्णन १५० शब्दांत लिहा. शिपायाला हसू नये म्हणून आपण काय बदल केलात, तेही शेवटी नोंदवा.