निवासी वृद्धांचा सहभाग : एक चिकित्सकीय विचार

मिहान प्रकल्पामुळे नागपूरच्या दक्षिणेस नवीन वसाहती उभ्या राहिल्या, त्याचबरोबर शिवणगाव, खापरी यांसारख्या गावांतील शेतजमिनी संपादित झाल्या. शेत सुटलेला वृद्ध असो वा मुलाच्या नोकरीपायी गाव सोडून आलेली आई, अशा व्यक्ती वृद्धनिवासात राहावयास गेल्या की अनिद्रा, मलावष्टंभ व संधिशूल या तक्रारी आम्ही प्रामुख्याने ऐकतो. वार्धक्य वातप्रधान, हे सर्वज्ञात आहे. परंतु रिकामा दिवस हाही हेतू आहे, याची नोंद आपल्या रुग्णपत्रिकेत क्वचितच होते.

वाग्भटाने वृद्धास व्यायाम वर्ज्य सांगितला. मात्र सुश्रुताने (चिकित्सास्थान, अ. २४) देहास पीडा न देणारे चंक्रमण आयुष्य, बल, मेधा व अग्नी यांस हितकर म्हटले आहे. नागपूरच्या वैशाखात ते पहाटेच करवावे.

करमणुकीचे वेळापत्रक भिंतीवर लावल्याने सहभाग घडत नाही. भजन ऐकण्यास बसविलेला वृद्ध पेंगू लागतो. खंजिरी त्याच्याच हाती द्यावी. तुकडोजी महाराजांच्या भजनांवर वाढलेल्या वैदर्भीय पिढीस ताल शिकवावा लागत नाही. शेतकऱ्याकडे गुळवेल, शतावरीचे वाफे सोपवावेत आणि काय लावावयाचे तेही त्यानेच ठरवावे. (व्यवस्थापकांस हे शेवटचे सहसा रुचत नाही!) जो नको म्हणेल त्यास ओढू नये, त्याचा नकार हाही त्याचाच निर्णय होय.

औषधी विक्रेत्या बंधूंनी एवढे करावे : एकाच वृद्धासाठी रेचक चूर्णाची मागणी वाढत चालली असेल, तर डबी देण्यापूर्वी त्यांचा दिवस कसा जातो ते विचारून वैद्यास कळवावे.