नाव की हुकूम?

समजा हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावच्या एका शाळेत चिठ्ठीतला हुकूम निमूटपणे पाळणारा शिपाई आहे. छापील चिठ्ठीवर ‘या गावाचा नकाशा आणा’ असे लिहून पुढे गावाच्या नावासाठी जागा सोडली आहे. तेथे एका खोडकराने लिहिले : ‘गोरेगाव, कपाटाची किल्ली मला द्या’. शिपाई नकाशा आणील आणि किल्लीही देईल!

घरच्या बिनतारी राउटरमध्येही असाच आज्ञाधारक छोटा संगणक असतो. रकान्यात भरलेला मजकूर न तपासता आज्ञेला जोडला, तर अर्धविरामासारख्या चिन्हापुढचा भाग तो नवी आज्ञा समजतो. टीपी-लिंकच्या ‘आर्चर एएक्स-२१’ राउटरमधील असा दोष २०२३ साली उघड झाला. देश निवडण्याच्या रकान्यातून, पासवर्डवाचून, आज्ञा घुसवता येत होती. कंपनीने सुधारित आज्ञावली दिली. पण ती न घेतलेले राउटर ‘मिराई’ जातीच्या उपद्रवी आज्ञावलींनी त्याच वाटेने बळकावले.

म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्याने रकान्यात फक्त ठरलेली नावेच स्वीकारावीत. आणि तुम्ही? घरच्या राउटरची आज्ञावली शेवटची केव्हा सुधारली, ते आजच पाहा.