फायबरचे थर वाढवले की झालं?

प्रश्न : मी पाचूबंदरला होड्यांचं फायबरकाम करतो. पाण्यावर आणि धावपट्टीवरही उतरणारं दोन आसनी विमान घरी बांधायचं मनात आहे. तळाला जादा थर दिले तर पुरे का?
— एक वाचक, गिरीज

उत्तर : नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन. वेगात टेकताना लाट तळावर घणासारखी बसते. तळ टिकेलही, पण तो दणका पुढे आडव्या फ्रेममधून पंखांच्या मुख्य तुळईच्या बोल्टांपर्यंत जातो. आधी हिशेब त्या सांध्यांचा करा. नुसते थर चढवले तर वजन वाढतं, उतरण्याचा वेग वाढतो आणि दणकाही!

पंखाची परीक्षा जमिनीवरच घ्या. तो उलटा बसवून वाळूची पोती रचतात. साध्या छोट्या विमानासाठी वजनाच्या ३.८ पट भार धरतात. मोडण्याआधी त्याच्याही दीडपट सोसला पाहिजे.

खारं पाणी तुम्हाला मी काय सांगावं? तरी ॲल्युमिनिअममध्ये स्टीलचा बोल्ट उघडा बसवू नका. सांध्यात पांढरी भुकटी दिसली की धातू खाल्ला जातोय. उड्डाणानंतर गोड्या पाण्याने धुवा.

परवानगीचं म्हणाल, तर कॅप्टन अमोल यादवांनी चारकोपच्या गच्चीवर बांधलेल्या सहा आसनी विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली, चाचणी-उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये. तेही निव्वळ चाकांवर उतरणारं. तुमचं पाण्यावरही उतरणार, म्हणून एक धोका जास्त : पाण्यावर उतरताना चाकं बाहेर राहिली, तर ते नाकावर उलटेल. चाकांची स्थिती दाखवणारा दिवा आणि आरसा, दोन्ही लावा.