हिवाळ्यात ग्रेप आयलंडपर्यंत कयाक

प्रश्न : लहानपण मालवणात गेलं, पोहता उत्तम येतं. फेब्रुवारीतल्या एखाद्या उन्हाच्या दिवशी मित्राबरोबर कयाकने बॉस्टन बंदरातल्या ग्रेप आयलंडला जायचं म्हणतोय. अंतर थोडंच आहे. लाइफ जॅकेट आणि वर जाड जाकीट पुरेल ना?
– एक वाचक, वेमथ, मॅसॅच्युसेट्स

उत्तर : तुमची हौस चुकीची नाही, तयारी अपुरी आहे. कपडे हवेवरून नव्हे, पाण्याच्या तापमानावरून ठरवायचे. फेब्रुवारीत बॉस्टन बंदराचं पाणी ४ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. त्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर धाप आवरत नाही आणि दहाएक मिनिटांत हातपाय काम सोडतात, मग माणूस कितीही पट्टीचा पोहणारा असो. शरीर गारठण्याच्या कितीतरी आधी बुडण्याचा धोका येतो. म्हणून लाइफ जॅकेट अंगावर बांधलेलंच हवं. मॅसॅच्युसेट्समध्ये १५ सप्टेंबर ते १५ मे कयाकवर तसा कायदाच आहे.

जाकीट भिजलं की निरुपयोगी. ड्रायसूट घ्या, आत लोकरीचे कपडे घाला, सुती अजिबात नको. उलटलेल्या कयाकमध्ये परत चढण्याचा सराव प्रशिक्षकाबरोबर आधी झालेला हवा. इथे भरती-ओहोटीत जवळजवळ तीन मीटरचा फरक पडतो. परतताना प्रवाह आणि वारा विरुद्ध असले तर थोडं अंतरही दमवतं. बेटाची फेरीबोट हिवाळ्यात बंद असते, तेव्हा व्हीएचएफ रेडिओ (चॅनेल १६) सोबत ठेवा आणि परतीची वेळ घरी सांगून निघा.

एवढं जमत नसेल, तर यंदा उन्हाळ्यात सराव करा आणि पुढच्या हिवाळ्यात अनुभवी गटाबरोबर जा. या फेब्रुवारीत दोघांनीच जाऊ नका.