मनुष्याची इच्छा स्वतंत्र आहे काय?
(निर्गम, अध्याय ७ ते ११)



मूल जन्मल्यावर सटवाई रात्रीं येऊन त्याच्या कपाळीं लेख लिहिते, ही समजूत आपल्या खेड्यापाड्यांत फार जुनी आहे. आपण ती सोडली. परंतु ती मागल्या दारानें पुन्हां घरांत शिरते. दारू सोडण्याचें वचन देऊन पुन्हां गुत्त्यावर गेलेला बंधु उपदेशकास म्हणतो, "देवाच्या मनांत असतें, तर मी पडलों नसतों." लेख तोच राहिला, लिहिणारा तेवढा बदलला! त्यास रुकार द्यावा, तर पश्चात्तापास बोलावणें व्यर्थ ठरतें. आणि सर्व कांहीं तुमच्याच हातीं आहे असें म्हणावें, तर कृपेस जागा उरत नाहीं.

शहरांत शिकलेलीं मुलें हाच प्रश्न निराळ्या भाषेंत घेऊन येतात. १९८३ सालीं अमेरिकेंतील बेंजामिन लिबेट नामक शास्त्रज्ञानें एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाटेल तेव्हां हात हालवावा, आणि ती इच्छा केव्हां झाली तें घड्याळाकडे पाहून सांगावें, असें त्यानें माणसांस सांगितलें. इच्छा झाल्याचें त्यांस कळण्यापूर्वींच, सुमारें एक तृतीयांश सेकंद आधीं, मेंदूंत तयारी सुरू झालेली आढळली. ह्यावरून इच्छा हा निव्वळ भास होय, असें कित्येकांनीं ठरविलें. स्वतः लिबेटचें मत तसें नव्हतें. सुरू झालेली क्रिया शेवटल्या क्षणीं आवरण्याची सत्ता मनुष्यास आहे, असें तो म्हणे. पुढें २०१२ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं, ती तयारी म्हणजे निश्चय नसून मेंदूंतील नित्याची चढउतार असावी, असें सुचविलें. शिवाय हात हालविणें आणि कर्ज काढून लग्न करणें हीं एकाच मापानें कशीं मोजावीं, हें आम्हांस समजत नाहीं.

मंडळींतही हा वाद जुनाच. १५२४ सालीं इरॅस्मसनें इच्छास्वातंत्र्याच्या बाजूनें पुस्तक लिहिलें. १५२५ सालीं लूथरनें उत्तर दिलें कीं, तारणाच्या बाबतींत मनुष्याची इच्छा दास आहे. परंतु घरदार व पैसाअडका ह्यांच्या व्यवहारांत लूथरनेंही मनुष्यास मोकळीक ठेविली होती, हें पुष्कळ जण विसरतात.

आतां निर्गम उघडा. फारोचें मन देवानेंच कठीण केलें, मग फारोचा दोष काय? असें होईल हें देवानें मोशेस आरंभींच सांगितलें होतें, हें खरें. तथापि पहिल्या पांच पीडांच्या वेळीं मन कठीण करणारा म्हणून परमेश्वराचें नांव येत नाहीं. कोठें तें कठीण झालें, कोठें फारोनें स्वतः केलें, एवढेंच आहे. सहाव्या, म्हणजे गळवांच्या, पीडेच्या वेळीं तें नांव प्रथम येतें. आणि गारांनंतर दोष पुन्हां फारोच्याच माथीं आहे.

बेडकांची गोष्ट पाहा. बिछान्यांत बेडूक, भट्टींत बेडूक, कणीक मळण्याच्या परातींत बेडूक. ते केव्हां जावे ती वेळ राजानेंच नेमावी, असें मोशे म्हणाला. दुसरा कोणी 'आतांच' म्हणाला असता. फारो म्हणाला, 'उद्यां'. आणखी एक रात्र बेडकांत काढण्यास त्यास कोणीं भाग पाडलें? तो दिवस त्याच्या हातचा होता. बेडूक मेले, जरा उसंत मिळाली, आणि मन पुन्हां घट्ट झालें. एका नकारानें पुढचा नकार सोपा होत गेला, आणि शेवटीं रुकार देण्याची शक्तीच उरली नाहीं. फारोनें जें वारंवार निवडलें, तेंच देवानें त्याच्या पदरीं घातलें, असा आम्ही अर्थ घेतों. पौल मात्र रोमकरांस पत्र, अध्याय ९ ह्यांत हीच गोष्ट देवाच्या सार्वभौम सत्तेसाठीं सांगतो. तो अध्याय वगळून आमचा अर्थ शिकवूं नये.

गुत्त्यावर परत गेलेल्या बंधूशीं कपाळाविषयीं वाद घालीत न बसतां, त्याचा पहिला 'उद्यां' कोणत्या दिवशींचा, हें त्याच्याजवळ बसून शोधावें.

वर्ग घेणाऱ्यानें ह्या पांच अध्यायांतील मन कठीण होण्याचे सर्व उल्लेख फळ्यावर तीन रकान्यांत मांडावे: फारोनें केलें, नुसतें झालें, परमेश्वरानें केलें. मग मधल्या रकान्याविषयीं मंडळीस काय वाटतें, तें विचारावें.