भुताचे घर

मुलांनो, 31 ऑक्टोबरच्या रात्री अमेरिकेतील मुले हॅलोवीन साजरा करतात. ही प्रथा आयर्लंडहून गेलेल्या लोकांनी तेथे नेली. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवत असत. अमेरिकेत त्याच्या जागी भोपळा आला. तेथील मुले 'भुताचे घर'ही बनवतात. ते कसे बनते, पाहा.

बुटांचा रिकामा खोका घ्या. तो उभा ठेवा. मागची बाजू उघडी असू द्या. पुढे दार व खिडक्या आखा आणि मोठ्यांच्या मदतीने कापा. वर पुठ्ठ्याचे उतरते छप्पर चिकटवा. घराला काळा रंग द्या. रंग वाळला, की खिडक्यांना आतून पिवळा पतंगी कागद लावा. कापूस पातळ ओढून कोळ्याची जाळी करा. काळ्या कागदाची वटवाघळे दोऱ्याने टांगा.

आता खोलीतील दिवा मालवा आणि घरात विजेरी ठेवा. खिडक्या चमकू लागतील. दुसरी विजेरी वटवाघळाजवळ धरा. भिंतीवर केवढी मोठी सावली! विजेरी दूर न्या. सावली लहान होईल.

घरात मेणबत्ती मात्र कधीही लावू नका. कागद आणि कापूस लगेच पेट घेतात. येथे भीती भुताची नाही, आगीची आहे.

हे घर पाहून धाकटी भावंडे घाबरतील. तुम्ही घाबरणार नाही, कारण जाळे कापसाचे आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढे कधी अंधारात मोठी सावली दिसली, तर आधी उजेड कोठून येतो, ते शोधा.