जुन्या मोटारीचे रंगकाम : पूर्वतयारीचे महत्त्व

उत्तरपाडा येथील अँबॅसडर मोटारींची निर्मिती २०१४ साली थांबली. साहजिकच, जयेंद्रगंजातील आमच्या घरी वडिलांच्या वेळची जी गाडी आहे, तिचे मोल आम्हांस अधिक वाटू लागले. ती घरीच रंगविताना मिळालेला धडा सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिल्या खेपेस आम्ही भर श्रावणात घाई केली व गंजावरच लांबी भरली. वर्षाच्या आत दारांवर फोड उठले. ओलसर गहू पोत्यात भरला, तर तो आतून बिघडतो. पत्र्याचेही तसेच आहे.

योग्य क्रम असा : गंज स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत खरवडावा. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून तो पाणकागदाने ओलाच घासावा, तोंडावर धूळरोधक मास्क असावा, मुलांना दूर ठेवावे. उघडा पत्रा तत्काळ कोरडा करून त्याच दिवशी अस्तर द्यावे. लांबी पाणी शोषते. ती पातळ थरांत भरून, वाळल्यावर कोरडीच घासावी व पुन्हा अस्तर द्यावे. ते ४०० व ६०० नंबरच्या कागदाने गुळगुळीत करावे. मग रंगाचे पातळ हात द्यावेत. थिनरजवळ विस्तव नसावा.

दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प साचते आणि रंग पांढुरका पडतो. ग्वाल्हेरीस उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात ओल. म्हणून कार्तिक मासच उत्तम.

पोत्याच्या तोंडचा दाणा सर्वांस दिसतो. मालाची खरी परीक्षा मात्र तळच्या दाण्याने होते.